धूळ तेवढी काढली

मुलांनो, तुमच्या बाबांचे पत्र आले की तिकडच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला घरातल्या थोरांचे कामाचे अनुभव हवे आहेत, तर आजीने चार पाने लिहावीत. त्याच पाकिटात मीनलची चिठ्ठी होती. तिने शाळेत काढलेला आपला फोटो फाडून टाकला आहे. कारण नाक. "हे नाक आपल्या घरात कुणाचंच नाही. मी भिंतीवरचे सगळे फोटो पाहिले, आजी, तुझासुद्धा. मग ते मलाच का?" असे तिने विचारले आहे.

दोन्ही पत्रांना मिळून हे एकच उत्तर लिहीत आहे. मला कामे एकत्र उरकायची सवय आहे. मात्र हा मजकूर आधी मीनलने वाचायचा आणि तिने हो म्हटले तरच संपादकांकडे द्यायचा.

तुमच्या आजोबांचा सोलापुरात फोटोचा स्टुडिओ होता, एवढे तुम्हाला ठाऊक आहे. फोटो ते काढत. पण काढलेला फोटो गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी मधे जे काम होई, ते मी करत असे. त्याला रिटचिंग म्हणतात. आमच्याकडे येणारी माणसे त्याला हात फिरवणे म्हणत. "फोटो झालाय, बाईंचा हात फिरायचा राहिलाय," असा निरोप मिळाला की माणूस समजून आणखी दोन दिवसांनी येई.

या कामात मी कशी पडले तेही सांगते. माझ्या वडिलांनी मला पुण्याला ठेवून मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकवले. लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा सासरी त्या इंग्रजीचा अभिमान सगळ्यांना होता, उपयोग कुणालाच नव्हता. तुमच्या आजोबांनी विलायतेहून रिटचिंगवरचे एक जाड पुस्तक मागवले होते. मी वाचून अर्थ सांगायचा आणि त्यांनी तसे करायचे, असे ठरले. त्यांचा हात जड. पेन्सिलीची टोके मोडत, आणि दर टोकाला ते पुस्तक लिहिणाऱ्या साहेबाला नावे ठेवत. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "तुम्ही वाचा, मी करते."

"मला वाचता येत असतं तर तुला कशाला बसवलं असतं?" असे म्हणून ते उठले, आणि पेन्सिल माझ्याकडे आली. ती पुढे चौदा-पंधरा वर्षे माझ्याकडेच राहिली.

आता काम काय ते नीट समजून घ्या. तेव्हा फोटो काचेवर निघत. काचेच्या एका बाजूला औषधाचा लेप असे आणि त्यावर चेहरा उलट उमटे. गोरे ते काळे, काळे ते पारदर्शक. केस पांढरे, दात काळे. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. त्या काचेवर टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली राळ पुसट लावायची, म्हणजे पेन्सिल धरते. मग काच उतरत्या मेजावर बसवायची, खाली आरसा ठेवून आभाळाचा उजेड तिच्यातून वर घ्यायचा, डोक्यावर काळे कापड ओढायचे, आणि सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने बारीक ठिपके भरत जायचे. काचेवर जिथे पेन्सिल लागेल तिथे कागदावर चेहरा उजळतो. सुरकुत्या, डाग, डोळ्यांखालची वर्तुळे अशी जातात. उलट जिथे काही कमीच करायचे, म्हणजे रुंद जबडा, लोंबती हनुवटी, तिथे लेप खरवडावा लागतो, म्हणजे तेवढा भाग कागदावर काळा येतो. त्यासाठी ओळखीच्या डॉक्टरांनी दिलेला एक जुना नस्तर, म्हणजे चिरा द्यायचे बारीक पाते, माझ्याकडे होता. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल. पेन्सिलीचे काम टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसता येते. नस्तराचे येत नाही.

एक गोष्ट माझ्या बाजूनेही सांगते. त्या काचा साहेबाच्या देशात, साहेबाच्या कातडीसाठी तयार केलेल्या. तांबडा रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कुंकू काळे येई, आणि आपली गव्हाळ, तांबूस, सावळी माणसे असतील त्याहून दोन छटा काळी येत. गालावरचा वण दुप्पट खोल दिसे. म्हणून मी समजत असे की काचेने जे हिरावले ते मी परत देते. पुष्कळदा ते खरेही होते. पण परत देता देता मी जास्त कधी देऊ लागले, ते मला कळले नाही.

त्या पुस्तकात एका मडमेचा चेहरा छापला होता, वर बाण काढलेले. कपाळ इथे उजळा, नाकाची धार इथे सरळ करा, नाकापासून ओठापर्यंतची रेघ पुसा, जबडा अंड्यासारखा निमुळता करा. मी शिस्तीची. बाण सांगेल तसे करत गेले. वकिलाची लेक येवो, कासाराची येवो, अडत्याची येवो, बाण तेच.

आणि आमच्याकडे लेकीच फार येत. मुलीचा फोटो स्थळांकडे पाठवायची रीत तेव्हा नवीनच रुजत होती. लोकांना ती सोयीची वाटे. मुलीला घेऊन गावोगाव जायला नको, फोटो टपालाने जाई आणि नकारही टपालानेच परत येई, शेजाऱ्यांना कळत नसे.

लग्ने जमवणारे एक दाजीशास्त्री होते. काखेत पिशवी, पिशवीत पत्रिका आणि फोटो. एका दुपारी ते धापा टाकत जिना चढून आले आणि माझ्या मेजावर तीन फोटो पत्त्यांसारखे मांडून म्हणाले, "वहिनी, यातली वकिलांची कोण ते सांगा."

मी पाहू लागले. मधली असावी असे वाटले, पण छातीवर हात ठेवून सांगता येईना. "मागे नावं लिहिली होती ना?"

"होती. उन्हात हिंडतो मी, घामानं पुसली. बार्शीच्या स्थळाला तिघींचे फोटो एकामागून एक दाखवले. मुलाचा बाप म्हणतो, शास्त्रीबोवा, नको म्हटलेली मुलगी पुन्हा पुन्हा काय दाखवता? लुगडं बदललं म्हणजे मुलगी बदलते का?"

पडद्याआड तुमचे आजोबा हसू दाबत होते. मी म्हणाले, "एकीचे डोळे घारे आहेत, शास्त्रीबोवा."

"फोटोत घारं कुठलं दिसायला? मला तिघीही विलायतेहून आल्यासारख्या दिसतात. सख्ख्या चुलतबहिणी."

शेवटी दागिन्यांवरून ओळख पटवली. मीही तेव्हा हसलेच. खरे सांगायचे तर, तीन निराळे चेहरे इतके एकसारखे करण्याइतका आपला हात बसला, याचा मला थोडा अभिमानही वाटला होता. तो पुढे उतरला. कसा, ते आता सांगते.

अक्कलकोटचे मल्लप्पा नावाचे कापडाचे व्यापारी बायकोला आणि लेकीला घेऊन आले. लेक गंगव्वा, सोळा-सतरा वर्षांची. लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, दोन्ही गालांवर आणि कपाळावर वण होते. जबडा रुंद, थेट बापाचा. आईने मला बाजूला घेतले. "बाई, एवढं गाल तेवढं साफ करा. देवाला लई सांगून झालं, आता तुमाला सांगते."

गंगव्वा कॅमेऱ्यासमोर बसली आणि उठली.

त्या काचेवर मी तीन दिवस काम केले. एकेक वण भरला. मग बाणाप्रमाणे जबड्याला आणि हनुवटीला नस्तर लावला. मागचा पडदा काळा होता, त्यामुळे दोन्ही बाजूंनी धार हवी तशी आत घेता आली. इतके सफाईचे काम माझ्या हातून त्याआधी झाले नव्हते. फोटो पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आले. गंगव्वाने तो बराच वेळ पाहिला आणि कानडीत आईला काहीतरी हळूच विचारले. आई "गप" म्हणाली. मी शेजारीच होते, पण मला कानडी येत नाही, आणि मी विचारलेही नाही.

दोनएक महिन्यांनी बापलेक पुन्हा जिना चढून आले. या वेळी आई बरोबर नव्हती. गंगव्वाने फोटो पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवला.

"बाई, ही पोरगी कोण हाय?"

"तूच की."

"मी हितं उभी हाय. ही कोण ते सांगा."

मी आजोबांकडे पाहिले, ते पडद्याच्या दोरीशी खेळू लागले. मल्लप्पा खाली बसले आणि पगडी मांडीवर ठेवून झालेली हकिकत सांगू लागले. फोटो पाहून एका चांगल्या घरचा होकार आला होता. घरची माणसे मुलगी पाहायला आली. गंगव्वा बाहेर आली तशी मुलाच्या आईने पदराखालून फोटो काढला.

"आणि माज्या गालाला लावला," गंगव्वा म्हणाली. तिने फोटो उचलून स्वतःच्या गालाशी धरून दाखवला. "असा. सगळ्यांसमोर. एकदा हितं बघती, एकदा तितं बघती. मग अप्पाला म्हणाली, हिची थोरली भन हाय का? तिला बोलवा की. अप्पा म्हणाले, एकच लेक हाय. तर म्हणाली, मग ही कुणाची दाखवून बसलासा?"

"लबाड म्हणाले मला," मल्लप्पा म्हणाले. "बाई, तुमाला दोष देत न्हाय. आमी मागितलं ते तुमी दिलासा. पण चाळीस वर्सं कापड मापतोय, गज कदी आखडता धरला न्हाय. पोरीच्या पायी लबाड ठरलो." मग लेकीकडे पाहून त्यांनी सुधारले, "पोरीच्या पायी न्हवं. फोटोच्या पायी."

आजोबांनी पाणी आणून दिले.

"आता मला माजा फोटो पायजे," गंगव्वा म्हणाली. "पुढच्या ठिकाणी त्यो जाईल. न्हाय म्हणायचं तर घरी बसून न्हाय म्हणू द्यात. आमच्या दारात येऊन गालाला फोटो लावू नका म्हणावं."

एवढे सोपे आहे, असे मला वाटले. ती जुनी काच काढली, टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. माझे तीन दिवस काळपट होऊन बोळ्यावर आले. कागदावर ओला ठसा काढून तिच्या हातात दिला. तिने बोटाने गाल तपासले.

"वण आले. पण माजी हनवटी कुटं गेली?"

"ती मी खरवडली."

"मग परत लावा की."

"ती लागत नाही."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. कापडाचा ठेवणीतला तागा कुणी मधेच फाडून ठेवला तर दुकानदार जसे पाहील, तसे.

नवी काच काढायची ठरली. आमचा स्टुडिओ माडीवर होता, उत्तरेच्या बाजूला काचेचे छत आणि त्याखाली दोरीने सरकणारे पांढरे पडदे. वण असलेला माणूस बसला की आजोबा समोरून सौम्य उजेड घेत आणि बाजूचे पडदे ओढत, म्हणजे खळगे बुजून दिसत. सवयीने त्यांचा हात दोरीकडे गेला.

"ते कशाला वडताय?" गंगव्वाने विचारले.

"असं केलं म्हणजे चेहरा सपाट येतो."

"सरकवा की ते. आमच्या घरात उजेड बाजूच्या खिडकीतनंच येतोय. त्यांना मी तिथंच दिसणार हाय."

आजोबांनी पडदा सरकवला. तिने हनुवटी वर केली. तशीच तिची काच निघाली.

दुसऱ्या दिवशी काच वाळली आणि माझ्यापुढे एक अडचण उभी राहिली. काही म्हटले तरी काचेवर धूळ बसते, आणि उन्हाळ्यात सोलापूरची धूळ तर विचारू नका. काच औषधात बुडवताना बुडबुडे राहतात, लेपाला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. हे डाग काढावेच लागतात, नाहीतर काम गलिच्छ दिसते. पण उजेडावर धरलेल्या काचेत धुळीचा ठिपका आणि देवीचा वण जुळ्या भावांसारखे. आजवर मला ते वेगळे ओळखायची गरज पडली नव्हती. मी सगळेच भरत असे.

बापलेक सोलापुरातच नातेवाइकांकडे उतरले होते. मी गंगव्वाला बोलावून घेतले आणि माझ्या मेजाशी स्टूल दिले. इतक्या वर्षांत त्या काळ्या कापडाखाली माझ्याबरोबर कुणी बसले नव्हते. आम्ही दोघी डोके खुपसून बसलो. मी पेन्सिलीचे टोक काचेजवळ नेई, मग कापड बाजूला करून तिच्या गालाकडे पाही.

"हा?"

"माजा."

"हा डोळ्याखालचा?"

"त्योबी माजा. त्यो पयल्यांदा उठला होता म्हणं."

"हा कानापाशी?"

तिने गालावर बोट फिरवले. "न्हाय. त्यो तुमचा. काचेचा."

तो भरला. दुपारपर्यंत आम्ही तिचा चेहरा असा वाटून घेतला. हा माजा, हा तुमचा. मधेच ती हसायची, "एवढं बारकाईनं तर अव्वानंबी बघितलं न्हाय." खरे होते. मीही पाहिले नव्हते. पहिल्या काचेवर तीन दिवस घालवूनसुद्धा मी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता, काय काढायचे तेवढेच पाहिले होते. डावी भुवई उजवीहून किंचित वर चढलेली होती, त्यामुळे ती नेहमी काही विचारायच्या बेतात आहे असे वाटे. ते मला त्या दिवशी दिसले.

काम संपत आल्यावर मी तिला विचारले, "तेव्हा पहिला फोटो पाहून आईला काय म्हणालीस?"

"म्हटलं, मी अशी असते तर तुला आवडले असते का?"

"मग?"

"गप म्हणाली."

पेन्सिलीचे टोक मोडले, असे म्हणून मी ते पुन्हा काढत बसले.

फोटो गेला. एका ठिकाणाहून नकार आला. दुसऱ्या ठिकाणाहून उत्तरच आले नाही. सहा महिने गेले, आठ गेले. मुलगी अठराची होत चालली, आणि त्या काळी त्याचा अर्थ काय होता तो तुमच्या बाबांना विचारा. एकदा गंगव्वाची आई कुठल्याशा खरेदीला सोलापूरला आली, तेव्हा मुद्दाम माडीवर आली. बसली नाही. म्हणाली, "पयले खोटं दिसलं म्हणून गेले. दुसरे खरं दिसलं म्हणून गेले. बाई, तुमी आन् ती, दोगी मिळून माजी पोरगी घरात बसवलासा."

आजोबा रात्री म्हणाले की आपण आपले काम केले. मी म्हणाले, दोन्ही वेळा आपणच केले. त्या दिवसांत मी फार बेचैन असे. खऱ्याची बाजू घेणे मला सोपे होते. माझे लग्न झालेले होते.

मग एके दिवशी डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला एक तरुण आला. मोहोळच्या शाळेत मास्तर आहे, नाव चन्नप्पा, असे त्याने सांगितले. खिशातून फोटो काढला. गंगव्वाचा.

"हा इथंच काढलाय ना?"

मी म्हणाले, "हो."

"ही खरंच अशी आहे?"

"अशीच आहे. मी फक्त धूळ काढलीय."

त्याने फोटो पुन्हा खिशात ठेवला. मग म्हणाला, "मला पसंत आहे. पण त्यांच्याकडनं निरोप आलाय की मुलाचाबी फोटो पाठवा. आमच्या घरात सगळी हसलालीत. मुलाचा फोटो कोण मागतं? मी म्हटलं, मागितलाय तर देऊ या की. तर तिचा काढलाय तसा माझा काढा."

आजोबांनी त्याला खुर्चीत बसवले. बाजूचा पडदा सरकवला. तेवढ्यात मास्तरांनी दोन्ही हातांनी रुमाल उतरवून मांडीवर ठेवला. पंचविशीतला माणूस, आणि डोक्यावर कपाळापासून मानेपर्यंत एक केस नाही. तेव्हा बोडक्या डोक्याने फोटो काढणे म्हणजे धोतर न नेसता काढण्यासारखेच होते.

आजोबा म्हणाले, "मास्तर, रुमाल राहू द्या. उघड्या डोक्यानं कुणी काढत नाही."

"मग लग्नानंतर काय रुमाल बांधून झोपू?"

आजोबा काळ्या कापडात शिरले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. कॅमेरा हलत होता.

काच तयार झाल्यावर मी मास्तरांना विचारले, "डोक्यावर एक मोठी चकाकी आलीय. ती थोडी कमी करू का?"

"ती माझी आहे का तुमच्या छताची?"

"छताची."

"मग करा."

हा फोटो अक्कलकोटला गेला. तो पाहून गंगव्वा काय म्हणाली ते मल्लप्पांनी लग्नाचे आमंत्रण द्यायला आले तेव्हा सांगितले. म्हणाली, "बरं हाय. घरात दिवा कमी लागंल."

लग्नाला आम्ही दोघे गेलो. गंगव्वाच्या आईने माझी ओटी भरली. त्या दिवशी ती माझ्याशी फारशी बोलली नाही, पण माझ्या पानात पुरणाची पोळी तीनदा वाढली.

त्यानंतर मी संत झाले असे समजू नका. गिऱ्हाइके येतच राहिली, वण भरून द्या म्हणतच राहिली, आणि मी भरत राहिले. गरज नसताना कुणाला खरे बोलायला लावणे हे माझे काम नव्हते. फक्त दोन नियम केले. चेहऱ्याला नस्तर लावायचा नाही, पुसता येईल तेवढेच करायचे. आणि हात फिरवण्याआधीचा ठसा आधी त्या मुलीला दाखवायचा, मग आईबापांना. पुष्कळ मुली तो ठसा पाहून म्हणत, "एवढी काही वाईट दिसत नाही की मी." काही म्हणत, "बाई, पुसा सगळं." तेही त्यांचे खरे होते. मडमेचे पुस्तक मी फेकले नाही, ते चांगल्या कागदावर छापलेले होते. पण बाणांचे पान चिकटवून टाकले.

खंत आहे ती आधीच्या मुलींची. गंगव्वा परत आली म्हणून मला कळले. ज्या परत आल्या नाहीत, त्यांच्या गालांना कुणी फोटो लावून पाहिला असेल का, हे मला कधी कळायचे नाही.

आता मीनल, तुझे नाक.

तुमच्या घरी जिन्याच्या भिंतीवर माझी जी तसबीर आहे, ती लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची. गंगव्वा यायच्या पुष्कळ आधीची. मान एका बाजूला वळलेली, नाकामागे काळा पडदा. तुझ्या आजोबांनी फोटो काढला आणि हात मीच फिरवला. माझ्या वडिलांचे नाक मधोमध उंच होते, पोपटाच्या चोचीसारखे. ते जसेच्या तसे माझ्याकडे आले. शाळेत मला त्यावरून राघू म्हणत. मागे काळा पडदा असला की नस्तराला किती सोपे जाते ते मी वर लिहिलेच आहे. एका सकाळी आजोबा बाहेर गेलेले पाहून मी तो उंचवटा काढून टाकला. पुस्तकातल्या बाणाप्रमाणे, सरळ रेषेत.

आजोबांनी छापलेला फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "मला विचारायचं तरी." एवढेच. त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. ती काच मला पुढे दुरुस्त करता आली नाही, आणि नवी काढायची राहून गेली. स्टुडिओतल्या माणसांचे फोटो स्टुडिओत निघत नाहीत. म्हणून माझ्या तरुणपणाचा तो एकच फोटो. तोच तुझ्या बाबांनी बरोबर नेला.

म्हणजे तू भिंत नीट पाहिलीस. तुझे नाक तिथे नव्हतेच. ते माझ्या मेजाखालच्या केरात गेले होते.

गेल्या आठवड्यात मी इथल्या एका स्टुडिओत जाऊन बसले. फोटो काढणारा मुलगा चांगला होता. म्हणाला, "आजी, सुरकुत्या थोड्या कमी करू?" मी म्हणाले, "धूळ असली तर तेवढी काढ." त्याला काही कळले नाही, पण त्याने तसेच केले.

तो फोटो पाकिटात पुठ्ठ्यामध्ये घालून ठेवला आहे. मान मुद्दाम तशीच वळवली आहे, म्हणजे दोन्ही शेजारी लावता येतील. जुना काढू नकोस, कामाचा नमुना म्हणून असू दे.

आणि शाळेतल्या फोटोची दुसरी प्रत मिळत असेल तर मला पाठव. माझा तुझ्या वयाचा, चौदाव्या वर्षीचा फोटो कुणी काढला नाही. ते नाक त्या वयात कसे दिसत होते, ते मला पाहायचे आहे.